दरसालचंच हाय, चाचा

आधी माफी मागतो. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यानं काहीतरी प्रेरणादायी लिहावं, असा सरांचा मेसेज आला तेव्हा मी दोनदा टाळलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपरापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. शिवाय जो विषय शिकायला मी इतक्या दूर आलो, त्याच विषयात मी इकडे येण्याआधीच नापास झालेला आहे, आणि ते कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही. तिसऱ्यांदा सरांनी लिहिलं, "जे असेल ते लिही." म्हणून जे आहे ते लिहितो. गाव सोडून गेलेल्यांनी वाचावं, गावात राहिलेल्यांनीही वाचावं. वाचून माझ्याबद्दलचं मत बदललं तर ते बरोबरच असेल.

मी निघालो तेव्हा धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. आमचं गाव दिघोरीपासून आत आहे. फाट्यावर गाडी उभी होती, अंकुशनं सांगितलेली. अंकुश माझा शाळेपासूनचा मित्र आणि आता आमच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. त्यानं झेंडूचा हार आणला होता. गावातले पाचपन्नास लोक जमले होते आणि प्रत्येकाला एकच शंका होती.

"म्हंजे तू तिकडून महाराज होऊन येशीन का गा?"

"नाही जी, अभ्यास हाय. वेगवेगळ्या धर्माचे लोक एकमेकाले कसे समजून घेतात, त्याचा."

"ते शिकायले इमानानं जा लागते?" हे माझे बाबा. लोक हसले. बाबा नाही हसले, कारण त्यांनी ते खरंच विचारलं होतं.

मायनं डब्यात चिवडा आणि वाळलेले झिंगे दिले होते. झिंगे विमानतळावर काढून घेतील असं मी सांगत होतो, ती ऐकत नव्हती. "पोलिसायले सांगजो, मायनं देले म्हणून," ती म्हणाली. माझी बहीण वैशू तेव्हा भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती, ती सुट्टी घेऊन आली होती. अंकुश सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो काढत होता. अर्धा तास तरी हे चाललं.

फाट्याच्या समोरच हमीदचाचांचं घर आहे. चाचा गाद्या भरतात. आमच्या पंचक्रोशीत कुणाचंही लग्न ठरलं की गादी त्यांच्याकडून येते. गावात मुसलमानांचं ते एकच घर. त्या दिवशी चाचा ओसरीत उभे होते. अंगावर कापसाचे तंतू, हातात मोठी सुई. ते फाट्यावर आले नाहीत, आणि रस्ता ओलांडून मीही गेलो नाही. वेळ नव्हता, असं मी मनाला सांगितलं. अर्धा तास होता, हे वर लिहिलंच आहे.

पालांदूर, लाखनी करत गाडी कारध्याच्या पुलावर आली तेव्हा मायचा फोन आला. वैनगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती, आवाज नीट येत नव्हता.

"हमीदभाऊच्या पाया पडला का?"

"पडलो माय."

"बरं केलं. लहानपणी त्यायच्याच घरी राहे तू."

गाव सुटल्यावर घराशी बोललेलं माझं पहिलं वाक्य खोटं होतं. त्याच्या आधीचं एक खोटं मात्र फार मोठं होतं, आणि ते सांगायचं तर आधी आमचा तलाव सांगावा लागेल.

आम्ही ढिवर. तलावावर जगणारे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मासे धरणं चालूच असतं, पण वैशाखात पाणी खाली गेलं की एक दिवस ठरवून मोठं जाळं ओढतात. त्या दिवशी सगळं गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर असतं. पाळीच्या एका टोकाला एक हिरवी चादर घातलेला दगड आहे, त्याला आम्ही तलावबाबा म्हणतो. त्याची दिवाबत्ती चाचांच्या घराकडे. जाळं ओढायच्या दिवशी चाचा सकाळी लोबान जाळून फातिहा पढायचे आणि मग पाळीवर येऊन नुसतं "चला" म्हणायचे. त्यांनी "चला" म्हटल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नसे. पहिल्या ओढीत जो सर्वांत मोठा मासा येईल, तो माझे बाबा स्वतःच्या हातानं चाचांच्या घरी नेऊन द्यायचे. चाची तो रांधायची आणि दिवस मावळता जाळं ओढणारे सगळे त्यांच्याच अंगणात जेवायला बसायचे. माझा आजा आणि चाचांचे वडीलही असेच करत.

असं का, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतात, तलाव खणताना चाचांचा एक पूर्वज मातीखाली गेला. कोणी म्हणतात, बुडणाऱ्या ढिवराला त्यानं काढलं. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "मासा नेऊन द्याचा असते. काहून ते तुमी शिकेल लोकायनं पहावं."

तीन वर्षांपूर्वी संस्थेत नवीन पोरं निवडून आली. अंकुश अध्यक्ष झाला. माझं त्या वर्षी एम.ए. चालू होतं, मी नागपूरहून घरी आलो होतो. आजवर ही पोरं मला पुस्तक्या म्हणून चिडवायची. जाळं ओढताना मला नेहमी मागच्या टोकाला उभं करायची, कारण माझे हात मऊ. त्या दिवशी मात्र समाजमंदिरात गेलो तर माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. बाकी सगळे सतरंजीवर.

"बस ना पुस्तक्या. खुर्ची तुह्याचसाठी हाय," अंकुश म्हणाला. "एक ठराव लिवाचा हाय. आपल्याले कोणाशी भांडण नाही कराचं. पण तलाव आपला, जाळं आपलं, आन सुरुवात कोणं दुसऱ्यानं कराची, हे आता बरं नाही दिसत. बाकी गावचे पोट्टे हासतात. तू असं लिव, का कोणाले टोचलं नाही पाह्यजे."

मी म्हणू शकलो असतो की हे मी लिहिणार नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं. अंकुश माझा मित्र होता, फार तर दोन दिवस चिडवलं असतं. पण मी खुर्चीत बसलो होतो आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पेन काढला.

ठराव मला अजून पाठ आहे. 'यापुढे तलावातील मोठ्या जाळ्याचा प्रारंभ संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते करण्यात यावा, तसेच मासळीच्या वाटपात सभासदांव्यतिरिक्त अन्य कोणताही मान राहणार नाही, असे सर्वानुमते ठरले.' त्यात चाचांचं नाव कुठेच नाही. तलावबाबाचा दगड नाही, पहिला मासा नाही. कोणाला टोचू नये असंच ते लिहिलं होतं. लिहून झाल्यावर अंकुशनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे, की मला तेव्हा खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वार्षिक सभा होती. चाचा सभासद नव्हते, पण संस्था निघाली तेव्हापासून सभेच्या रजिस्टरवर शेवटची सही साक्षीदार म्हणून त्यांचीच असायची. ठराव मी उभं राहून वाचला, तालुक्याच्या हापिसात वाचतात तसा, भरभर. म्हातारे पान चघळत होते. चाचा उशिरा आले, ठराव वाचून झाल्यावर. रजिस्टर फिरत फिरत त्यांच्यापुढे आलं. त्यांनी खिसा चाचपला.

"चष्मा घरीच राह्यला बेटा. का लिवलं हाय?"

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. अंकुश माझ्याकडे पाहत होता.

"दरसालचंच हाय, चाचा."

"तू लिवला ना?"

"हो."

"मंग झालं." आणि त्यांनी सही केली. बोटानं जागा चाचपून, सावकाश, ओळीच्या थोडी वर.

घरी जाताना बाबांनी विचारलं, "पोरं सांगत होते का हमीदभाऊलेच आता होत नाही म्हणून. वय झालं म्हणते. त्यायनं सही केली का?"

"केली."

"राजीखुशीनं?"

"हो, बाबा."

बाबा माझ्या पुढे झाले. मग म्हणाले, "मले एक डाव सांगाव तं लागत होतं त्यानं."

वैशाखात जाळं ओढायच्या दिवशी चाचा दरवर्षीसारखे लोबान घेऊन पाळीवर आले. अंकुश पुढे झाला. आवाज न चढवता म्हणाला, "चाचा, आता आमी नारळ फोडतो. ठरावावर तुमची सही हाय ना." चाचांना आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांनी लोकांमध्ये मला शोधलं. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवरही तेच होते, माझ्याकडे पाहणारे. मी मोबाईल पाण्याकडे वळवला.

बाबा तेव्हा पलीकडच्या काठाला कंबरभर पाण्यात होते. त्यांना एवढंच दिसलं की हमीदभाऊ आले, काही न बोलता परत गेले. त्या संध्याकाळी मासा गेला नाही. माय म्हणाली, घेऊन जा. बाबा म्हणाले, "त्यालेच नको तं आपण कायले जाव?" तिकडे चाचांना वाटलं असणार की केशवभाऊनं, म्हणजे माझ्या बाबांनी, पोराकडून लिहून घेतलं. लहानपणापासूनचे हे दोन मित्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलले नाहीत. माय आणि चाची विहिरीवर बोलत, पण त्या दोघींनाही माहीत नव्हतं की मधे काय झालं. ते मलाच माहीत होतं.

आता सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. त्याच वर्षी मी परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. 'आपल्या परिसरातील धार्मिक सहजीवनाचा अनुभव' असा निबंध मागितला होता. मी आमचा तलाव लिहिला. चाचांचं "चला", पहिला मासा, अंगणातलं जेवण, सगळं लिहिलं. आणि सगळं वर्तमानकाळात लिहिलं. 'आमच्या गावात आजही' असं त्याचं पहिलं वाक्य आहे. माझी निवड झाली.

मी आता आयर्लंडमध्ये आहे. समुद्राकाठचं लहान शहर. खोलीला एकच खिडकी आणि ती पूर्ण उघडत नाही. कपडे धुवायचं मशीन तळघरात आहे, त्यासाठी ॲपवर वेळ घ्यावी लागते. ढिवराचं पोर असून मी मासा प्लास्टिकच्या डब्यातून विकत घेतो, आणि त्यात काटे नसतात. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "काटा नाही तं मासा कायचा?" आणि तिकडच्या लोकांची तिला खरंच कीव आली. आधी पेज खाऊन जायचो, आता ओट्स खाऊन जातो; चव जवळपास सारखीच आहे. गावात मी पुस्तक्या होतो. इथे मी 'रोशन फ्रॉम इंडिया' आहे, आणि इथले लोक मी बोललो की वहीत लिहून घेतात. इतकं लक्ष देऊन माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

आमच्या वर्गात नऊ जण. शिक्षिकेचं नाव मार्गरेट. सत्तरीला टेकलेल्या आहेत आणि त्यांना नुसतं नावानं हाक मारायची, हे जमायला मला एक सेमिस्टर लागलं. अजूनही मनातल्या मनात मी पुढे 'मॅडम' लावतो. त्यांचा पहिल्याच दिवशी सांगितलेला नियम असा: दुसऱ्या धर्माच्या माणसाबद्दल बोलताना तो माणूस याच खोलीत, दाराजवळ बसला आहे असं समजून बोला. त्यानं ऐकलं आणि 'हो, हा मीच' असं म्हटलं, तरच तुमचं बोलणं खरं.

मी तलावावर प्रेझेंटेशन दिलं. सगळ्यांना फार आवडलं. मी दाराकडे पाहायचं टाळून बोललो. बोलून झाल्यावर बोस्नियाहून आलेल्या एमिनानं एकच प्रश्न विचारला, अगदी साधा. "या वर्षी मासा किती मोठा होता?"

मी म्हणालो, "खूप मोठा." हातानं दाखवलंसुद्धा.

मार्गरेटनी सुचवलं की यावरच प्रबंध कर. आणि इथे माझी वाट अडली. इकडे कोणावर लिहायचं असेल तर विद्यापीठाच्या समितीला त्या माणसाची लेखी संमती द्यावी लागते. फॉर्म असतो. तो त्या माणसाच्या भाषेत हवा. मीच त्याचं मराठी करायला बसलो. दुपार होती, लायब्ररीत खिडकीजवळची जागा मिळाली होती. नाव, गाव, माहितीचा उपयोग, सगळं सरळ होत गेलं. शेवटचं वाक्य आलं. 'या कागदावरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवण्यात आला असून तो मला समजला आहे.' त्याखाली सहीसाठी रेघ.

मी ते टाईप केलं आणि पुढे बसवेना. सोपा रस्ता होता. वैशूला फॉर्म पाठवायचा, ती चाचांकडे जाईल, चाचा विचारतील का लिवलं हाय, आणि ती म्हणेल दादाच्या कॉलेजचं हाय. त्यांनी सही केली असती. तीन वर्षांनंतरही केली असती, असं मला तेव्हा वाटलं. आणि माझ्या मनात तो रस्ता खरोखर आला होता. फोन हातात घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी मार्गरेटच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. माझं इंग्रजी अशा वेळी तुटतं. 'ठराव', 'साक्षीदार' या शब्दांना मी हातवारे करत होतो. मला वाटलं होतं त्या समजूत काढतील, तू तेव्हा लहान होतास म्हणतील. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मग प्रबंध याच्यावर आहे. पण तो माणूस हे सगळं ऐकेल, तेव्हाच. आणि त्यानं नाही म्हटलं तर प्रबंध नाही."

एमिनालाही सांगितलं, कारण तिला माशाचं खोटं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या आजोबांच्या गावात युद्धाच्या वेळी आम्हा मुसलमानांच्या घरांची यादी केली होती, कोणाला बाहेर काढायचं त्याची. ती आम्ही नंतर पाहिली. फार सुंदर अक्षर होतं. शाळेच्या मास्तरांचं." एवढंच. माझी आणि त्या मास्तरांची तुलना ती करत नव्हती, हे तिनं लगेच सांगितलं. माझ्याकडून मात्र ती आता रोज होते.

मी पुन्हा मराठीत लिहायला बसलो. ठरावाची भाषा सोडून, जशी आम्ही घरी बोलतो तशी. चाचा, तुम्ही विचारलं होतं का लिवलं हाय म्हणून. लिहिलं असं होतं. मी खोटं बोललो. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं तुम्हीच सोडलं. व्हिडिओ काढताना मी मुद्दाम तुमच्याकडे पाहिलं नाही. निघताना तुम्ही ओसरीत दिसत होते, तरी आलो नाही. परदेशात यायला मिळालं ते तुमच्याच गोष्टीवर, आणि तीही खोटी करून लिहिली. चार पानं झाली. आठ दिवस लागले. वाक्य चांगलं जमलं की मी ते खोडायचो, कारण चांगलं जमलेल्या वाक्यावर माझा आता विश्वास नाही.

चार पानं, जुना ठराव आणि नवा फॉर्म, तिन्ही वैशूला पाठवले. लिहिलं, सगळं मोठ्यानं वाचून दाखव, काहीही गाळू नको, आणि सहीसाठी आग्रह करू नको.

निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. वैशू रोज मला काही ना काही पाठवणारी पोरगी. वॉर्डातल्या गमती, मायनं केलेली भाजी, शेजारच्या बकरीचा फोटो. नऊ दिवस काहीच नाही. मग एक ओळ आली. "वाचलं. रविवारी जाते." 'दादा' लिहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी घराचा फार विचार केला. इकडे सगळे एकमेकांना विचारतात, तुझं घर कसं आहे, तुला घराची आठवण येते का. बाकीचे अंगण सांगतात, आईचं जेवण सांगतात. मीही पूर्वी तेच सांगायचो. आता कोणी घर म्हटलं की मला आमचं दार आठवत नाही, फाट्यासमोरचं आठवतं. ओसरी, कापूस, आणि ओलांडायचा राहिलेला तो दहा पावलांचा रस्ता. ज्या गावात आपण कोणाचंच काही बिघडवलेलं नाही तिथे माणूस पाहुणा असतो, असं मला वाटायला लागलं आहे. माझं गाव ते, जिथे मला मान खाली घालून जावं लागेल. कोणी परदेशातून येताना चॉकलेट आणतो, कोणी मोबाईल. मी काय घेऊन जाणार आहे ते मला माहीत आहे, आणि ते कोणाला द्यायची हिंमत अजून झालेली नाही. माझ्यासारख्या निघून आलेल्या दुसऱ्या कोणाला असं वाटतं का, मला माहीत नाही. आपण फोनवर हे बोलत नाही.

रविवारी दुपारी मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. गावाकडे तेव्हा संध्याकाळ झाली असेल. वैशूचा व्हॉइस मेसेज आला. हात पुसून ऐकला. मग सहा-सात वेळा ऐकला. तो जसाच्या तसा लिहितो, कारण यात माझं काही घालायचं नाही.

"दादा, जाऊन आली मी. बाबा बी आले होते. मी नको म्हटलं, तं म्हणे माह्या पोराचं लिवलेलं हाय, मले आयकू दे. चाचा गादी भरत होते. म्हणाले, वाच, हात रिकामा नाही माहा, कान रिकामे हायेत. सगळं वाचलं मी. काही सोडलं नाही. ते सभेचं आलं ना, तू चाचाले खोटं सांगितलेलं, तं चाची उठून आत गेली. बाबा खाली पाहून बसले होते. चाचा म्हणाले, पुन्हा एक डाव वाच. मी पुन्हा वाचलं. मंग मी फॉर्म काढला. म्हटलं चाचा, सही नाही केली तरी चालते म्हणते दादा. तं म्हणाले, त्याले सांगजो, लिवणं बराबर हाय. जसं झालं तसंच हाय. पण सही नाही देत मी. एक डाव देल्ली ना त्याले."

इथे मेसेजमध्ये मागे कुत्रं भुंकतं, मोटरसायकल जाते.

"मी बाबाले म्हटलं चला. ते उठले नाही. म्हणे, तू जा. दोघंबी काही बोलून नाही राहिले दादा. चाचानं गादी शिवायले घेतली आन एक कोपरा बाबाकडे सरकवला, ताणून धराले. बाबानं धरला. मी घरी येऊन तास झाला. माय दोनदा पाहून आली फाट्यावरून. अजून तिथीच बसून हायेत."